दोन जुलै

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



कार्यकारिणीनं मला विषय दिला 'अमेरिकेची अडीचशे वर्षं' आणि वेळ दिला पंचवीस मिनिटं. म्हणजे दहा वर्षांना एक मिनिट. शिवाय अध्यक्षांनी हळूच सांगितलंय की मागे वडे तळायला घेतलेत. तेव्हा अडीचशे वर्षांच्या वाटेला मी जात नाही. एकच तारीख घेते. १७७६ ते २०२६ अशी अडीचशे वर्षं मोजताना सगळे ४ जुलै म्हणतात. माझी तारीख आहे २ जुलै.

स्वातंत्र्याचा ठराव खरा मंजूर झाला तो २ जुलैला. फिलाडेल्फियात, आपण पाहुण्यांना हमखास दाखवायला नेतो त्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये. बारा वसाहतींनी बाजूनं मत दिलं. न्यूयॉर्कवाले तटस्थ राहिले, कारण त्यांना घरून तशी सूचनाच आलेली नव्हती. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. छापील कागदावर ती तारीख पडली आणि तीच लोकांच्या डोक्यात बसली. सह्या तर बहुतेकांनी २ ऑगस्टला केल्या. जॉन अ‍ॅडम्सनं ३ जुलैला बायकोला, अबिगेलला, पत्र लिहिलं. त्यात त्यानं भाकीत केलं की पुढच्या पिढ्या २ जुलै हा मोठा सण मानतील, मिरवणुका काढतील, घंटा वाजवतील, देशभर रोषणाई करतील. सगळं खरं झालं, फक्त दोन दिवसांचा फरक पडला. पुढे तो वारला तोही ४ जुलैलाच, १८२६ साली, बरोब्बर पन्नासाव्या वर्षदिनी. आणि त्याच दिवशी काही तास आधी थॉमस जेफरसनही गेला. आपल्याकडे असं झालं असतं तर एव्हाना दोघांची देवळं उभी राहिली असती.

त्या २ जुलैची मला सर्वांत आवडणारी गोष्ट सीझर रॉडनीची आहे. डेलावेअरचे प्रतिनिधी तीन. हजर असलेल्या दोघांत एक बाजूनं, एक विरुद्ध. तिसरा रॉडनी घरी, डोव्हरजवळ. त्याला दमा होता, चेहऱ्यावर कॅन्सर होता. निरोप पोचला आणि हा माणूस रात्रीच निघाला. विजा, पाऊस, चिखल, सुमारे ८० मैल. दुसऱ्या दिवशी ऐन मतदानाला तो सभागृहात पोचला आणि डेलावेअरचं मत ठरावाच्या पारड्यात पडलं. आपण तेच अंतर दीड तासात कापतो आणि ट्रॅफिक होता म्हणून कार्यक्रमाला उशिरा येतो.

विल्मिंग्टनला रॉडनी चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा होता. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २०२०च्या जूनमध्ये तो काढला. कारण रॉडनीच्या मळ्यावर गुलाम राबत होते. माणसांच्या स्वातंत्र्यासाठी रात्रभर पावसात भिजत गेलेल्या माणसानं माणसं विकत घेऊन ठेवली होती. जेफरसनचंही तेच. त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा एक परिच्छेद होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो रुचेना, म्हणून काँग्रेसनं तो खोडला. पुतळा काढला ते बरं की वाईट, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि जेवणाच्या टेबलावर तो विषय काढायला बंदी आहे. मला स्वतःला वाटतं की दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, तर सांगतानाही दोन्ही एका दमात सांगाव्यात.

फ्रेडरिक डग्लसनं तेच केलं. स्वतः गुलामीतून पळून आलेला हा माणूस. १८५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी त्याला स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं. तो ४ जुलैला बोलला नाही, ५ जुलैला बोलला. आणि भरल्या सभेत त्यानं विचारलं की हा तुमचा सण गुलामाचा कोण लागतो? जाहीरनामा लिहिणाऱ्यांना त्यानं शिव्या दिल्या नाहीत, उलट त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं. पण 'तुमचा' हा शब्द त्यानं सोडला नाही. वर्षदिनाचं भाषण कसं करावं हे मला विचाराल तर ते वाचा. माझं ऐकण्यापेक्षा बरं.

आता 'तुमचा' की 'आपला', हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी आपल्याला थोडं पुण्याला जावं लागेल.

१८६५ साली अमेरिकेत घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं युनायटेड स्टेट्सच्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. विचार करा. तार नुकतीच आलेली, अमेरिका पाहिलेला माणूस पुण्यात शोधून सापडला नसता, आणि हा माणूस हजारो मैलांवरून म्हणतो की तुम्ही तिकडे जे केलंत ते आमच्या शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत इथे व्हायला हवं. पाहिलेलं नसताना त्यांना बरोबर दिसलं की तिथला काळा गुलाम आणि इथला अस्पृश्य एकाच रांगेत उभे आहेत.

आणि आता पन्नास वर्षं पुढे येऊ. १९२३.

अमेरिकेत १७९०पासून कायदा होता की नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या' माणसालाच मिळेल. यादवी युद्धानंतर १८७०मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आपण धड ना इकडचे, ना तिकडचे. १९१७मध्ये तर आशियाचा मोठा पट्टाच नकाशावर आखला आणि तिथल्या मजुरांना दार बंद केलं. विद्यार्थ्यांना तेवढी सूट होती. अशा काळात भगतसिंग थिंड नावाचा एक पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्यानं नागरिकत्व मागितलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तीनच महिने आधी एका जपानी माणसाच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंडच्या बाजूनं मुद्दा आला: मग मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात त्याप्रमाणे उत्तर भारतातले आर्य कॉकेशियनच आहेत. शिवाय मी उच्च जातीचा आहे. आणि उच्च जातीचा हिंदू माणूस इथल्या मूळ रहिवाशांकडे त्याच नजरेनं बघतो, ज्या नजरेनं तुम्ही तुमच्या निग्रोकडे बघता.

मंडळी, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. अहो, वकिली मुद्दा म्हणून तो चलाख होता, पण काय मागत होतो आपण? तुमची भिंत उत्तम आहे, फक्त आम्हाला आतल्या बाजूला घ्या.

१९ फेब्रुवारी १९२३ला निकाल लागला, एकमतानं, थिंडच्या विरुद्ध. लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले. त्यांनी म्हटलं की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी शास्त्र चाललं, आता चालेना! आर्य, उच्चवर्णीय, काही काही कामाला आलं नाही.

त्या निकालानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. त्यांतले एक वैष्णोदास बागाई. १९१५ साली बायको आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आलेले, १९२१ साली रीतसर नागरिक झालेले. त्यांचं नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं मालमत्ता ठेवता येईना. भारतात नातेवाइकांना भेटायला जावं तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना. सांगण्यात आलं की ब्रिटिश पासपोर्टवर जा. आणि ज्या ब्रिटिशांचं राज्य नको म्हणून हा माणूस देश सोडून आला होता! १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली, आणि त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून कारण सांगून ठेवलं. त्यांच्या पत्नी कला बागाई यांनी मुलं वाढवली, त्या पुढे अमेरिकन नागरिक झाल्या. बर्कली शहरात आता त्यांच्या नावाचा रस्ता आहे. कुणाचा मुलगा तिकडे शिकत असेल तर जरूर बघून या.

तर माझा दुसरा २ जुलै इथे येतो. २ जुलै १९४६. अध्यक्ष ट्रूमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं आणि इथे स्थायिक व्हायला कोटा मिळाला. किती? वर्षाला शंभर. आत्ता या हॉलमध्ये तीनशे खुर्च्या मांडल्यात आणि मागे काही मंडळी उभी आहेत. एवढी माणसं यायला तीन वर्षांहून जास्त लागली असती, आणि त्यातही बंगाली, पंजाबी, गुजराती सगळे आले. पण दार किलकिलं झालं. त्याच फटीतून दलीपसिंग सौंद १९४९ला नागरिक झाले आणि १९५६ साली कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून गेले, आशियाई वंशाचे पहिले.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक पत्रव्यवहार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईहून डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. इथल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं आणि अस्पृश्यांसाठीही तसं काही करावं असा त्यांचा विचार होता. ३१ जुलै १९४६ला डु बॉइसचं उत्तर आलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि कोलंबिया हार्लेमच्या उंबरठ्यावर आहे. फुल्यांनी न पाहता जे ओळखलं, ते यांनी पाहून ओळखलं. दोघांनीही शेजार निवडला तो काळ्यांचा. थिंडच्या खटल्यात शेजार निवडला होता गोऱ्यांचा. आपल्या लोकांच्या अमेरिकेकडे बघायच्या या दोन तऱ्हा, आणि मला वाटतं त्या अजून चालू आहेत. आपल्याच दिवाणखान्यात.

तिसरा २ जुलै १९६४चा. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये नागरी हक्क कायद्यावर सही केली, मागे मार्टिन ल्यूथर किंग उभे होते. सिनेटमध्ये विरोधकांनी अडीच-तीन महिने भाषणं करून तो अडवून धरला होता. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यावरून नोकरीत आणि हॉटेल-दुकानात भेदभाव करायचा नाही, असा तो कायदा. 'मूळ देश' हे शब्द लक्षात ठेवा. ते आपले आहेत.

पुढचं साल १९६५. ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावी मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला. पुलावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला, घोडे घातले. जॉन लुइस त्या वेळी पंचवीस वर्षांचे, त्यांचं डोकं फुटलं. टीव्हीवर सगळ्या देशानं ते पाहिलं. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी जॉन्सननी आणखी एका कायद्यावर सही केली. तो आपला. देशादेशांच्या वंशावर बेतलेले जुने कोटे त्यानं रद्द केले. प्रत्येक देशाला वीस हजारांपर्यंत मुभा, शिक्षण आणि नातं बघून प्रवेश. तो पुढे रेटणारे इमॅन्युएल सेलर तेच, १९४६चे. हे ब्रुकलीनचे गृहस्थ १९२३ साली काँग्रेसमध्ये आले, १९२४ला वंशाच्या कोट्यांचा कायदा झाला तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि चाळीस वर्षं तिथेच बसून तो उलथवून मगच समाधान पावले. असा चिवटपणा मी फक्त आमच्या सासूबाईंत पाहिलाय.

जॉन्सन त्या दिवशी म्हणाले होते की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. आज इथे पन्नास लाखांच्या घरात भारतीय वंशाचे लोक आहेत.

ही साखळी मला वाचून कळण्याआधी एका बाईनं सांगितली. आम्ही १९७२ साली आलो. आठ डॉलर, दोन बॅगा, आणि त्यातल्या एकीत पोळपाट. मला फिलाडेल्फियात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. बघा, त्याच शहरात १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, पंडिता रमाबाई पदवीदानाला हजर होत्या. माझ्या आईला त्याचा फार अभिमान. पण मला जागा मिळेना. एके ठिकाणी फोनवर 'आजच या' म्हणाले आणि आम्हाला दारात पाहिल्यावर 'आत्ताच गेली हो' म्हणाले. माझ्याबरोबर काम करणारी एक आफ्रिकन-अमेरिकन बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनं जेवणाच्या सुट्टीत एका गोऱ्या सहकारिणीला त्याच नंबरवर फोन करायला लावला. जागा होती. मग ती मला म्हणाली, "१९६८पासून याला कायदा आहे. चल, तक्रार लिहू." लिहिली. त्याचा निकाल लागेपर्यंत आम्ही दुसरीकडे राहायला गेलो होतो, पण लिहिली.

त्या दिवशी तिनं मला विचारलं, "तू इथे कशी आलीस ठाऊक आहे?" मी म्हटलं, पॅन अ‍ॅमनं. ती इतकी हसली! मग सांगू लागली. १९६३च्या ऑगस्टमध्ये ती फिलाडेल्फियाहून बसनं वॉशिंग्टनच्या मोर्चाला गेली होती, बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी बांधून घेऊन. अडीच लाख लोक. किंगचं भाषण तिला नीट ऐकूच आलं नाही, इतकी ती मागे होती. तिचा मामा अलाबामात होता, त्याला आयुष्यात पहिलं मत देता आलं ते १९६६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी. ती म्हणाली, "ते दार आम्ही आमच्यासाठी ढकलत होतो. ते उघडलं आणि मागून तुम्ही आलात. या, हरकत नाही. पण दार आपोआप उघडलं असं मुलांना सांगू नकोस."

आता १९७६. द्विशताब्दी. ती ४ जुलै आम्ही फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर उभं राहून पाहिली. अध्यक्ष फोर्ड इंडिपेन्डन्स हॉलपाशी बोलले, आणि दोनच दिवसांनी साक्षात इंग्लंडची राणी येऊन नवी घंटा भेट देऊन गेली. (दोनशे वर्षांनी इतकं खेळीमेळीनं यायला जमतं, हे बघून मला बरं वाटलं.) पण माझं मन तिथे नव्हतं. भारतात आणीबाणी होती. माझे मामा समाजवादी, ते येरवड्याच्या तुरुंगात होते. दादाची पत्रं यायची आणि त्यात फक्त पाऊस आणि आंबे असायचे. ओळखायचं असायचं आपण. इथे लोक स्वातंत्र्याचे फुगे उडवत होते आणि पर्समध्ये ते निळं पत्र होतं. माझ्या शेजारी उभी राहून ती बाई म्हणाली, "तोंड का उतरलंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आजीला हा सण कधीच आवडला नाही. पण फटाके बघायला ती यायची." आम्ही दोघी रात्री नदीकाठी फटाके बघायला गेलो.

हे सगळं मी आज का सांगते आहे? कारण आपल्या पार्ट्यांमध्ये मी एक वाक्य पुष्कळदा ऐकते. आपण कायद्यानं आलो, शिकून आलो, कुणाचं काही घेतलं नाही, मग 'या लोकांना' का जमू नये? मंडळी, कायद्यानं आलो हे खरं. तो कायदा १९६५चा. आणि तो त्या वर्षी त्याच काँग्रेसमध्ये त्याच हवेत झाला, ज्या हवेत पुलावरचा अश्रुधूर होता. गोऱ्यांच्या बाजूला उभं राहून १९२३ साली आपण दार वाजवलं होतं, नाही उघडलं. शिकलेले तर बागाईही होते, मेहनती तर कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारे शीखही होते. आपण त्यांच्याहून हुशार म्हणून आलो, असं मला तरी म्हणवत नाही.

आणि दार एकदा उघडलं की उघडंच राहतं असंही नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं आईवडील विद्यार्थी किंवा एच-वनवर असताना जन्मली आणि जन्मानंच नागरिक झाली. ती कुणामुळे? १८६८ची चौदावी घटनादुरुस्ती, जी मुळात मुक्त झालेल्या गुलामांसाठी होती, आणि वाँग किम आर्क नावाचा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला एक चिनी आचारी. चीनला जाऊन परत आला तेव्हा त्याला बोटीवरून उतरू देईनात. तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि २८ मार्च १८९८ला जिंकला. जानेवारी २०२५मध्ये अध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांच्याही मुलांचा हक्क काढणारा आदेश काढला आणि तोच प्रश्न पुन्हा कोर्टांत गेला. त्या आठवड्यात एका तरुण जोडप्याचा मला फोन आला होता. सूनबाईंना सातवा महिना होता. "काकू, हे कुणाला विचारायचं?" मी वकिलाचा नंबर दिला. आणि मनात म्हटलं, त्या आचाऱ्याचं नाव तुमच्या बारशाच्या पत्रिकेत घाला.

एक शेवटची गोष्ट. ४ जुलै १९६५ला, म्हणजे दोन कायद्यांच्या मधल्या उन्हाळ्यात, किंगनी अटलांटाच्या आपल्या चर्चमध्ये प्रवचन दिलं. त्यात त्यांनी १९५९च्या भारतभेटीतला प्रसंग सांगितला. केरळात एका शाळेत, जिथे अस्पृश्यांची मुलं शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली: अमेरिकेतला आपला अस्पृश्य बांधव. किंग म्हणतात, क्षणभर मला राग आला. मग माझ्या देशातले दोन कोटी बांधव डोळ्यांपुढे आले, आणि मी स्वतःशी म्हटलं, खरंय, मी अस्पृश्यच आहे. स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी, अमेरिकेच्या स्वप्नावर बोलताना, त्यांना आठवली ती केरळातली शाळा. पुण्यात बसून फुल्यांना आठवली होती अमेरिका. मधे ब्याण्णव वर्षं.

माझ्या नातीला शाळेत निबंध होता: १७७६ साली तुमचे पूर्वज काय करत होते? तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पूर्वजांचं नक्की सांगता येत नाही, पण त्या साली मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला, सवाई माधवराव दोन वर्षांचे होते, नाना फडणीस कारभार बघत होते, आणि ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बोस्टनच्या बंदरात बुडवला त्याच कंपनीशी आपणही भांडत होतो. ते तिला फार आवडलं. शिक्षिकेनं तिला वर्गात वाचायला लावलं. दुसरा प्रश्न होता, तुमच्या घराची अमेरिकेतली गोष्ट कधी सुरू होते? माझा मुलगा म्हणाला १९७२, आईबाबा केनेडी विमानतळावर उतरले तो दिवस. मी म्हटलं, २ जुलै. तिनं विचारलं, कुठल्या सालचा? मग आमचं त्यावर दोन संध्याकाळी चाललं. तिनं तिन्ही सालं लिहिली, आणि रॉडनीच्या घोड्याचं चित्र काढलं. घोडा जरा गाढवासारखा झालाय.

आपलं मंडळ दर वर्षी कॅलेंडर छापतं. त्यात संकष्टी असते, एकादश्या असतात, ४ जुलैला झेंडा असतो. २ जुलैचा चौकोन मात्र रिकामा असतो. मी संपादकांना विनंती केली की तिथे १७७६, १९४६ आणि १९६४ एवढं छापा, आणि ३ ऑक्टोबरला १९६५. ते म्हणाले, "काकू, एका चौकोनात तीन सालं मावत नाहीत." मी म्हटलं, टाइप लहान करा. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. कमिटी पहिल्याच रांगेत बसली आहे, आणि वड्यांचा वास इथपर्यंत आलाय.